सदर विमान रिकामेच खाली येते

"आकाशाचा आजवर कोणी नीट मसुदाच केलेला नाही. माणसाच्या निम्म्या अडचणींचं मूळ तिथे आहे," मसुदेसाहेबांनी जाहीर केलं.

हे वाक्य त्यांनी जमिनीपासून अडीच फूट उंचीवरून उच्चारलं. पायाखाली स्टूल होतं, स्टुलाच्या आखूड पायाखाली घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं, आणि ते सगळं डळमळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून त्यांची बायको उभी होती.

"आकाशाचं नंतर बघा. आधी पंख्याचं तिसरं पातं पुसा," ती म्हणाली. "माझे हात भरून आलेत."

मसुदेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं एका कचेरीत बसून त्यांनी परिपत्रकं, सूचना, नियम आणि पोटनियम यांचे मसुदे केले. खरं आडनाव त्या कागदांखाली कुठेतरी दबून गेलं आणि पुढे पोस्टमनही त्यांना मसुदेसाहेबच म्हणू लागला. निवृत्तीच्या समारंभात त्यांचे वरिष्ठ म्हणाले होते, "यांच्या वाक्यात फट शोधून सापडत नाही." त्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "शेवटही सापडत नाही." साहेबांनी दोन्ही उद्गार कौतुक म्हणूनच स्वीकारले. ज्या माणसाला वाक्याला शेवट हवा असतो, त्याने नियमांच्या वाटेला जाऊ नये असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आता आकाशाकडे त्यांचं लक्ष का गेलं, तर त्यांची मुलगी आकाशात नोकरी करत असे. घरात ती छकुली, मैदानावर कॅप्टन. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांचा एक क्लब होता. हौशी लोकांना विमानात भरून तेरा हजार फुटांवर न्यायचं, दार उघडायचं, लोक बाहेर पडले की दार लावून खाली यायचं आणि पुढची खेप भरायची, हे छकुलीचं काम. साहेबांना ते काम कधी पटलं नाही. चांगलं चालणारं विमान सोडून माणसं बाहेर उड्या मारतात, याचा अर्थ चालवणाऱ्याविषयी काहीतरी तक्रार असली पाहिजे, अशी शंका त्यांच्या मनात कायम असे. पण त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही. बापाने असल्या गोष्टी लेखी विचारल्याशिवाय काढू नयेत.

पण महिन्याभरापूर्वी एक प्रकार घडला. बाहेरगावचं एक छोटं विमान कुणालाही न विचारता मैदानावर आलं आणि उघडलेल्या दोन पॅराशूटांच्या मधून निघून गेलं. कोणाला ओरखडाही आला नाही. पण विमान खात्याचं पत्र आलं. बाहेरून येणाऱ्या वैमानिकांनी या ड्रॉप झोनबद्दल काय जाणून घ्यावं, म्हणजे माणसं कुठे पडतात, कधी पडतात आणि त्या वेळी इतरांनी कुठे असू नये, याची लेखी सूचना तीस दिवसांत तयार करा. तपासनीस येऊन ती पसंत करील. नाहीतर उड्या बंद.

उड्या बंद म्हणजे विमान शेडमध्ये आणि छकुली घरात. किंवा त्याहून वाईट, सहाशे मैलांवरच्या मालवाहू कंपनीत, जिथून तिला आधीच बोलावणं आलेलं होतं.

"एक पान लिहायचंय, बाबा," जेवताना ती म्हणाली. "आमच्या वस्तादाला लिहिता येत नाही. तो फक्त ओरडतो. तुम्ही जरा—"

पुढचं साहेबांना ऐकूच आलं नाही. निवृत्तीनंतर गेली तीन वर्षं त्यांनी दूधवाल्यासाठी चिठ्ठ्या सोडून दुसरं काही लिहिलं नव्हतं. (त्यातली एक चिठ्ठी 'उद्यापासून, पुढील आदेश होईपर्यंत' अशी सुरू होत असल्यामुळे घरात पाच दिवस दूध आलं नव्हतं, पण तो वेगळा विषय आहे.) ते ताटावरून उठले, हात धुतले आणि कपाटातून जुनं पेन काढलं.

"एकच पान हं, बाबा," छकुली म्हणाली.

"सुरुवातीला एकच," साहेब म्हणाले.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरचे विमावाले संध्याकाळी गॅलरीत येऊन बसले. त्यांनी आयुष्यभर विमे विकले होते, त्यामुळे कुठल्याही सुखात दडलेला अपघात त्यांना लांबून दिसायचा.

"आधी व्याख्या करा," ते म्हणाले. "आकाश म्हणजे काय? कुठे सुरू होतं? उद्या एखादा म्हणेल, मी आकाशात नव्हतोच, जरा वर होतो."

साहेबांच्या डोळ्यांत चमक आली. चौतीस वर्षांत त्यांना असं बरोबरीने विचार करणारं माणूस भेटलं नव्हतं. आकाशाची व्याख्या रात्रीच्या जेवणापर्यंत दीड पान झाली. तीत 'जमीन, पाणी, इमारती, झाडे, व त्यांवर बसलेले पक्षी सोडून उरलेला वरचा भाग' असा एक तुकडा होता, त्यातल्या 'बसलेले' या शब्दावर तर विमावाल्यांनी उठून साहेबांशी हात मिळवला.

वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांचं म्हणणं पडलं, की सूचना चालीत असावी. "लोकांना गद्य लक्षात राहत नाही, साहेब. वैमानिक बिचारा एकटा असतो, गुणगुणेल." त्यांनी तिथल्या तिथे 'खाली उतरती माणसे' अशी एक ओळ म्हणूनही दाखवली. ओळ गोड होती, पण साहेबांनी ती नम्रपणे नाकारली. करुण रसात नियम पाळले जात नाहीत, लोक नुसते डोळे पुसतात.

बायको भाजी निवडत सगळं ऐकत होती. "मी एक सांगू का?" ती म्हणाली. "इतक्या लांबून माणूस येणार. उतरल्या उतरल्या त्याला पहिल्यांदा काय लागतं? स्वच्छतागृह कुठे आहे, तेवढं लिहा."

विमावाल्यांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी 'बघू' म्हटलं. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाचं 'बघू' म्हणजे होच असतं, त्यामुळे ते कलम अडतीस म्हणून गेलं.

आठवड्याभरात सूचना चौदा पानं आणि एकेचाळीस कलमं झाली. आता मध्येच हेही सांगायला हवं, की हे सगळं नुसतं घरात बसून झालं नाही. साहेब माहिती काढायला विमान खात्याच्या कचेरीतही गेले. तिथे पॅराशूटची खिडकी नव्हती. जवळात जवळची खिडकी 'विमानातून खाली टाकावयाच्या वस्तू' अशी होती.

"वस्तूचं नाव?" कारकुनाने विचारलं.

"माणूस."

"नग किती?"

"एका खेपेला आठ."

"वेष्टन?"

साहेबांनी विचार केला. "पॅराशूट म्हणता येईल."

"वेष्टन टाकताना उघडं असतं, की बंद?"

"टाकताना बंद. मग उघडतं."

"म्हणजे दोन अर्ज," कारकून म्हणाला आणि त्याने दुसरा अर्ज काढला. "टाकल्यानंतर वस्तू कोणाच्या ताब्यात जाते?"

दुसरा कोणी असता तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. मसुदेसाहेब मात्र अर्धं मिनिट त्या कारकुनाकडे आदराने बघत राहिले. एका कारागिराने दुसऱ्याला ओळखावं तसं. खरंच, विमान सोडलं आणि जमीन अजून आली नाही, अशा मधल्या मिनिटात माणूस कोणाच्या ताब्यात असतो? घरी येऊन त्यांनी कलम बावीस घातलं.

कलम सतरा मात्र छकुलीच्या सांगण्यावरून घातलेलं होतं. तिने समजावलं होतं, "आमचं विमान लोकांना सोडलं की दगडासारखं खाली येतं, बाबा. पुढची खेप खोळंबलेली असते. त्यामुळे दुसऱ्या वैमानिकांनी आमच्या पोटाखाली येऊ नये." साहेबांनी ते असं लिहिलं: 'सदर विमान नेहमी व प्रत्येक वेळी रिकामेच खाली येते. परतीच्या प्रवासात वैमानिकाखेरीज त्यात कोणीही, कोणत्याही कारणास्तव, नसते.' छकुली म्हणाली, "नेहमी कशाला? कधीकधी एखादा घाबरून परत येतो." साहेब म्हणाले, "नियमात 'कधीकधी' लिहायचं नसतं. कधीकधी या शब्दात बैलगाडी मावते."

टाईप करून प्रती काढल्या. एक खात्याला गेली, चार आसपासच्या धावपट्ट्यांवर वैमानिकांना वाटायला गेल्या, आणि एक साहेबांनी उशाशी ठेवली.

तिसाव्या दिवशी सकाळी तपासनीस आला. बारीक अंगाचा, घसा बसलेला, तोंडात सतत गोळी चघळणारा माणूस. तो ओरडत नव्हता, हसत नव्हता, आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होता. क्लबच्या पत्र्याच्या खोलीत रेडिओच्या टेबलाशी बसून त्याने चौदा पानं वाचली. वस्ताद, म्हणजे उड्या शिकवणारा क्लबचा प्रमुख, दाराच्या चौकटीत मावत नव्हता म्हणून बाहेर उभा होता. साहेबांची बायको थर्मास घेऊन बाकावर त्यांच्या शेजारी बसली होती आणि लोकरीचं काहीतरी विणत होती. बाहेर धावपट्टीच्या टोकाला छकुलीचं विमान पंखा फिरवत पहिल्या खेपेची वाट बघत होतं.

वाचून झाल्यावर तपासनिसाने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"हे लिहिणाऱ्याने वरून कधी पाहिलंय का?"

हा प्रश्न साहेबांच्या वर्मी लागला. कारण चौतीस वर्षं आपल्या हाताखालच्या लोकांना ते हेच बजावत आले होते, की स्थळपाहणी केल्याशिवाय मसुद्याला हात लावायचा नाही. एकदा तर गटारावरच्या झाकणाची सूचना लिहिण्यासाठी ते स्वतः गटारात उतरले होते. आणि आता तेरा हजार फुटांविषयी चौदा पानं लिहिताना ते गॅलरीच्या वर गेले नव्हते.

"पाहणी आज आहे," ते ताठ होत म्हणाले. "आत्ता. मी याच खेपेत वर जातोय."

बायकोची सुई थांबली. वस्ताद बाहेरून म्हणाला, "शाब्बास! बसा छकुलीशेजारी. बघा आणि तिच्याबरोबरच खाली या."

तपासनिसाने पानं उलटली. सहाव्या पानावर बोट ठेवलं. "कलम सतरा," तो बसलेल्या आवाजात म्हणाला, "म्हणतं, सदर विमान नेहमी व प्रत्येक वेळी रिकामेच खाली येते. कोणीही, कोणत्याही कारणास्तव, नसते." त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "मग तुम्ही खाली कसे येणार?"

इथे साहेबांना पुष्कळ काही बोलता आलं असतं. कलम दुरुस्त करतो, म्हणता आलं असतं. अपवाद घालतो, म्हणता आलं असतं. पण पहिल्याच तपासणीत, पहिल्याच दिवशी, स्वतः लिहिलेलं 'नेहमी' स्वतःच्याच देहाने खोटं पाडायचं? शिवाय सूचनेतलं एक वाक्य खोटं निघालं तर हा माणूस बाकीची चाळीस कलमं खरी कशावरून धरील? आणि मग विमान शेडमध्ये, आणि पोरगी सहाशे मैलांवर.

"कलम सतराप्रमाणे," मसुदेसाहेब म्हणाले.

आपण काय बोललो हे त्यांना वस्तादाचा पंजा पाठीवर पडला तेव्हा कळलं. "माझ्या पोटाला बांधून नेतो यांना!" वस्ताद गरजला. "दोघांत एक पॅराशूट. यांना काही करायचं नाही, फक्त पाय वर धरायचे."

"वैद्यकीय दाखला लागेल," साहेब घाईघाईने म्हणाले.

"आहे ना तुमच्या फाईलमध्ये," बायको म्हणाली. "निळ्या कप्प्यात. मागच्याच महिन्यात काढलात, असावा म्हणून."

फाईल चोख असण्याचा हा तोटा कोणी सांगत नाही. दाखला निघाला. ओळखपत्र निघालं. रक्तगटाची चिठ्ठी निघाली. जवळच्या नातेवाइकाची संमती लागते म्हणताच बायकोने विणकाम बाजूला ठेवून सही केली आणि विचारलं, "स्वेटर घालून जाता का? वर गार असेल."

"तुला काही वाटत नाही का गं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण छकुली चालवतेय. तिचं लक्ष असतं."

पट्टे आवळल्यावर साहेबांना सरळ उभं राहता येईना. चौतीस वर्षं जपलेला रुबाब गुडघ्यात वाकून, बदकासारखा फेंगडत विमानाकडे निघाला. आत सहा तरुण लोक मांडी घालून बसले होते आणि सहलीला निघाल्यासारखे हसत होते. पुढे छकुलीने मान वळवली.

"बाबा? तुम्ही इथे काय करताय?"

"स्थळपाहणी."

"आणि पाठीला वस्ताद का बांधलाय?"

"कलम सतरा."

छकुलीला सगळं कळायला एक क्षण लागला. मग तिने कपाळाला हात लावला. "बाबा, अहो ते तुम्हीच लिहिलंय! वर जाऊ, बघा, आणि माझ्याबरोबर खाली या. तो तपासनीस काही दुर्बीण लावून मोजणार नाही."

"तो मोजणार नाही म्हणूनच पाळायचं असतं," साहेब म्हणाले, आणि हे वाक्य इतकं चांगलं जमलं की आता त्यातून मागे फिरणं शक्यच राहिलं नाही.

विमान चढत गेलं. इमारत आगपेटीएवढी झाली, मग तीही दिसेना. साहेबांनी खिडकीतून निग्रहाने पाहणी केली. आणि पहिलीच गोष्ट त्यांच्या लक्षात आली, ती अशी की विमान मैदानाच्या वर नव्हतंच. मैदान पार मागे, दूर, पोस्टाच्या तिकिटाएवढं पडलं होतं. खाली तळं होतं.

"अगं, चुकलीस!" ते ओरडले. "मैदान तिकडे राहिलं!"

"वारा तळ्याकडून येतोय ना, बाबा! वाऱ्याच्या तोंडाला नेऊन सोडायचं, मग तरंगत बरोबर मैदानावर येतात. सरळ वर सोडलं तर जातील पलीकडे वाहत!"

साहेबांनी मनातल्या मनात चौदा पानं चाळली. आकाशाची व्याख्या होती. ताब्याचा प्रश्न होता. माणसं मैदानावर नाही, तर वारा येतो त्या बाजूला दोन-तीन किलोमीटर अलीकडेच बाहेर पडतात, हे कुठेच नव्हतं.

छकुलीने रेडिओवर सांगितलं, "दोन मिनिटांत उड्या." दार उघडलं. थंडगार वारा आत घुसला. दारावरचा दिवा लाल होता. तो हिरवा झाला की जायचं. वस्तादाने साहेबांना रेटत कडेपर्यंत आणलं. पायांखाली विमान नव्हतं, स्टूलही नव्हतं.

"थांबा!"

छकुलीचा आवाज मोठा नव्हता, पण आतले सगळे जागच्या जागी थिजले. "कोणीही हलू नका. तळ्यावर एक विमान आहे."

साहेबांनी पाहिलं. एक पांढरं विमान, किड्याएवढं, खूप खाली, तळ्यावरून आडवं चाललं होतं. बरोबर तिथून, जिथे एका मिनिटात आठ माणसं दगडासारखी येणार होती. छकुली रेडिओवर हाका मारत होती. उत्तर नव्हतं. तिने घाई केली नाही, चिडली नाही. विमान सावकाश वळवलं, एक मोठी फेरी घेतली, डोळा त्या पांढऱ्या ठिपक्यावरून काढला नाही, आणि तो मैदानावर उतरून पार थांबल्यावरच परत वाऱ्याच्या तोंडाला आली. सगळं मिळून सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत साहेबांना मुलीचा फक्त मागून कान दिसत होता. लहानपणी गणित करताना तो असाच लाल व्हायचा.

चालवणाऱ्याविषयी तक्रार नव्हती तर, त्यांच्या मनात आलं. लोक उड्या मारतात त्याचं कारण दुसरं काहीतरी असणार.

दिवा हिरवा झाला. वस्तादाने साहेबांना बाजूला ओढलं, सहा तरुण गेले. छकुली न वळता म्हणाली, "बाबा, शेवटचं विचारते. खाली येता?"

"गाडी नीट चालव," मसुदेसाहेब म्हणाले, आणि कलम सतरा खरं झालं.

पडण्याविषयी साहेबांनी नंतर कधीच काही सांगितलं नाही. वस्तादाचं म्हणणं, की ते पहिलं अर्धं मिनिट सलग ओरडत होते आणि त्यात 'यासंबंधी' हा शब्द दोनदा स्पष्ट ऐकू आला. साहेब म्हणतात, तो वाऱ्याचा आवाज. एवढं मात्र खरं, की पॅराशूट उघडल्यावर जी शांतता झाली तिच्यात त्यांनी वर पाहिलं. छकुलीचं विमान नाक खाली करून, रिकामं, भिरभिरत खाली चाललं होतं. अगदी लिहिल्यासारखं.

ते बसले ते थेट पाहुण्या पांढऱ्या विमानाच्या पुढ्यात. म्हणजे पाय वर धरायचे राहिले आणि ढुंगणावर आदळून दहा-पंधरा फूट घसरत गेले. समोर चौकडीची टोपी घातलेला एक गृहस्थ विमानाची काच पुसत होता. हातात बोळा होता. बोळ्यावर साहेबांना ओळखीचा टाईप दिसला.

"हे आमचं पान आहे," साहेब जमिनीवरूनच म्हणाले. वस्ताद अजून त्यांच्या पाठीला होता.

"तुमचं होय?" टोपीवाला ओशाळला. "निघताना दिलं होतं कोणीतरी. फार चांगलं लिहिलंय हो. मी वाचायला घेतलं, पण आकाश म्हणजे काय हे संपेस्तोवर इथे पोचलो. तुम्ही... तुम्ही वरून आलात? आत्ता? मी तर मुद्दाम मैदान टाळून तळ्यावरून आलो. म्हटलं, मैदानावर माणसं पडत असतील."

वस्तादाने तोंड उघडलं. ते मोठं होतं आणि त्यातून जे येणार होतं तेही मोठं होतं. पण साहेबांनी हात वर केला.

"रेडिओ?"

"कुठला नंबर लावायचा ते सापडलं नाही."

"कलम एकोणतीस."

"इतकं कोण जातंय हो, साहेब?" टोपीवाला अगदी खरेपणाने म्हणाला.

हे चौतीस वर्षांत साहेबांना कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मग त्यांनी हात पुढे केला. "तो बोळा द्या इकडे. पेन कोणाकडे आहे?"

तपासनीस आणि बायको धावत येईपर्यंत साहेब तिथेच मातीत बसून, चुरगळलेल्या पानाच्या कोऱ्या बाजूवर, वस्तादाच्या मांडीचा आधार घेऊन लिहीत होते. पट्टे सोडवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आधी रेडिओचा नंबर लिहिला. मग: नकाशावर ठिपका मैदानाचा आहे, माणसं ठिपक्यावर पडत नाहीत. वारा जिकडून येतो ती बाजू आमची, तिथून जाऊ नका. उलट बाजूने, लांबून या. 'दोन मिनिटांत उड्या' ऐकलं की बाहेरच थांबा. पडणारा माणूस पॅराशूट उघडेपर्यंत तुम्हाला दिसणार नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नका. एक पॅराशूट दिसलं तर बाकीची शोधा. आमच्या विमानाच्या खाली येऊ नका, ते झपाट्याने उतरतं. काही कळलं नाही तर विचारा.

तपासनिसाने ओळी बोटाने वाचल्या. या वेळी त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. "ते रिकामं येतं, हे नाही घातलंत?"

"रिकामं असो की भरलेलं," साहेब म्हणाले, "त्याच्या खाली कोणी यायचं नाही म्हणजे नाही."

तपासनिसाने गोळी कडकन चावली आणि खिशातून शिक्का काढला. "उड्या चालू ठेवा," तो म्हणाला.

बायकोने वाकून कागद पाहिला. "माझं अडतीस नंबरचं?"

"जागा नाही गं," साहेब म्हणाले. "सूचना म्हणजे काय, आवश्यक तेवढंच."

तिने त्यांच्या खांद्यावरची माती झटकली, आणि जाता जाता थोडी वस्तादाचीही.

उड्या चालू राहिल्या. मालवाहू कंपनीला छकुलीने दोन ओळींचं नकाराचं पत्र लिहिलं, ते साहेबांना दाखवलं आणि साहेबांनी त्यातली एक ओळ काढून टाकली. सूचना छापली गेली आणि चार धावपट्ट्यांवर लागली. विमावाल्यांना ती फारच उघडी वाटली. गाण्याच्या बाईंना मात्र शेवटच्या ओळीत लय सापडली. आणि रविवारी क्लबच्या पत्र्याच्या खोलीत रेडिओच्या टेबलाशी साहेबांना एक खुर्ची मिळाली. मानद.

पहिल्या रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून बसले. वर छकुली होती. तिचा आवाज आला, "दोन मिनिटांत उड्या." आणि पाठोपाठ एक अनोळखी आवाज, लांबून, खरखरत.

"मैदान, मी पूर्वेकडून येतोय. तुमची सूचना वाचली आहे. सगळी. वाऱ्याची बाजू सोडली आहे. उड्या संपेपर्यंत बाहेर थांबलो आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. सगळी, तो म्हणाला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने ऐकलं का हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती टाके मोजत होती. बाहेर एकामागून एक आठ पॅराशूटं उघडली आणि कोणाच्याही वाटेत न येता मैदानाकडे तरंगत आली.

"आभारी आहोत," साहेब रेडिओत म्हणाले. "सर्व वैमानिकांनी असंच वागलं तर आकाश—"

"साहेब, माफ करा, मध्येच बोलतो," आवाज घाईत होता. "तीन तास विमानात बसलोय. सूचनेत सापडलं नाही म्हणून विचारतो. उतरल्यावर स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे, तेवढं आधी सांगता का?"